ओतण्याआधीची तालीम

‘आभासी’ हा शब्द मला या कामासाठी पटत नाही. व्हर्च्युअल रिॲलिटीला आपण मराठीत ‘आभासी वास्तव’ म्हणतो आणि आभास म्हटलं की मनात पहिल्यांदा येतं ते खोटं, फसवं, मृगजळ. उर्दूवाल्यांनी तिला ‘मजाज़ी हकीकत’ म्हटलं. हा शब्द त्यातल्या त्यात बरा. उर्दू शिकलेल्याला मजाज़ी म्हटलं की हकीकी आठवतंच, आणि सूफींच्या परंपरेत मजाज़ी ही हकीकीकडे नेणारी पायरी मानली गेली आहे. पण या सगळ्यांपेक्षा चांगला शब्द आमच्या कोल्हापूर भागात पेठेपेठेत पाटी लावून उभा आहे. तालीम. मूळ अरबी, अर्थ शिक्षण. उर्दूत तो अजूनही शिक्षणच आहे. मराठीत येऊन तो आखाड्यात गेला आणि नाटकात गेला. पहिलवान मैदानात उतरण्याआधी तालमीत घाम गाळतो, नट पडदा उघडण्याआधी तालीम करतो. कारखान्यांत आज संगणकाच्या पडद्यावर जे चाललं आहे, ते नेमकं हेच आहे. लोखंड ओतण्याआधी लोखंडाची तालीम.

भाषेचा शिक्षक म्हणून शब्दांवर अडतो हे खरं, पण इथे अडण्याला कारण आहे. मोहल्ल्यात या विषयावर बोलायला गेलं की दोनच गोष्टी ऐकू येतात. एक, ‘सर, ते पोरांचे गेम आहेत.’ दोन, ‘हे यंत्र आता आमच्या पोरांच्या पोटावर येणार.’ गंमत अशी की एकच माणूस दोन्ही बोलतो. जे खेळणं आहे ते पोटावर कसं येईल, आणि जे पोटावर येणार आहे ते खेळणं कसं असेल? दोन्हींमागे एकच गोष्ट आहे. ही वस्तू आपली नाही, ती दुसऱ्या कुणाची तरी आहे, असं आपण आधीच ठरवून टाकलं आहे. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. ही वस्तू सगळ्यात आधी आपल्या पोरांची असायला हवी, कारण तिच्यात जे भरलेलं आहे ते त्यांच्याच हातांतलं आहे.

आधी काम समजून घेऊ. शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजी, कागल या पट्ट्यात बिडाच्या ओतकामाचे लहानमोठे असंख्य कारखाने आहेत. पंपाच्या बॉड्या, ट्रॅक्टरचे भाग, इंजिनाचे भाग इथे ओतले जातात. वाळूत पॅटर्न दाबायचा, तो काढला की त्याच्या आकाराची पोकळी राहते, तिच्यात साधारण 1,400 अंशांचं पातळ लोखंड सोडायचं. ऐकायला सोपं. पण घरी तूप कढवून बरणीत ठेवलं की थिजताना मधोमध खळगा पडतो, तो तुम्ही पाहिला असेल. कडेचं आधी थिजतं, मधलं शेवटी, आणि शेवटी थिजणाऱ्याला आकसताना भर घालायला कुणी उरत नाही. धातूचं तेच होतं. (बिडाचं थोडं वेगळं आहे, त्यातला ग्राफाइट थिजताना फुगतो आणि काही भर आपोआप निघते. पण तो तपशील सोडू.) खळगा वर पडला तर दिसतो. पोटात पडला तर दिसत नाही, आणि असा पंप शेतात जाऊन फुटतो. म्हणून मोल्डर रायझर ठेवतो, म्हणजे जादा लोखंडाची टाकी. ती सगळ्यात शेवटी थिजली पाहिजे, म्हणजे खळगा तिच्यात पडतो आणि माल वाचतो. मग टाकी कापून परत भट्टीत.

टाकी कुठे ठेवायची आणि केवढी, हाच सगळा हुनर. ख्वोरिनोव नावाच्या चेक अभियंत्याने 1940 साली याचा नियम मांडला. तुकडा थिजायला किती वेळ लागेल हे त्याचं घनफळ आणि पृष्ठफळ यांच्या गुणोत्तराच्या वर्गावर अवलंबून असतं. आपल्या जुन्या मोल्डरांना ख्वोरिनोव माहीत नाही, पण जाड ठिकाणी लोखंड ‘उशिरा बसतं’ हे त्यांना पक्कं माहीत आहे. तरीही नवा जॉब आला की पहिले काही बॉक्स अंदाजाने ओतायचे, कापून बघायचे, वाया गेले तर टाकी हलवून पुन्हा ओतायचे, ही रीत. वाया गेलेलं लोखंड परत वितळतं, पण त्यासाठी जळलेली वीज आणि गळालेला घाम परत येत नाही. काही ठिकाणी रिजेक्ट मालाची मजुरीही मिळत नाही. म्हणजे अंदाज चुकल्याची किंमत शेवटी वाळूत बसलेला माणूस भरतो.

सिम्युलेशन इथे येतं. संगणकात त्या भागाचं त्रिमिती चित्र घ्यायचं, त्याचे लाखो बारीक चौकोनी तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यातली उष्णता शेजारच्या तुकड्यात किती गेली, याचं गणित क्षणाक्षणाला करत राहायचं. पडद्यावर लोखंड साच्यात शिरताना दिसतं, लाल, मग पिवळं, मग निळं. शेवटपर्यंत लाल राहिलेला ठिपका म्हणजे खळग्याची जागा. एक थेंब लोखंड न वितळवता दहा वेळा टाकी हलवून बघता येते. जर्मनीतल्या आखेन शहरात 1988 साली सुरू झालेली ‘मॅग्मा’ ही कंपनी हेच सॉफ्टवेअर बनवते आणि जगभरच्या फाउंड्र्यांमध्ये ते वापरलं जातं. फार लांब जायचं नसेल तर आयआयटी मुंबईत यावर बरीच वर्षं संशोधन झालं, त्यातून ‘ऑटोकास्ट’ नावाचं सॉफ्टवेअर निघालं आणि ‘ई-फाउंड्री’ नावाने ओतकामाचे धडे इंटरनेटवर फुकट ठेवले गेले. धडे चांगले आहेत. इंग्रजीत आहेत.

मोठ्या उद्योगांत हे जुनं झालं. 1994 साली पहिल्यांदा उडालेलं बोइंग 777 हे विमान जवळजवळ पूर्ण संगणकावर जुळवून बघूनच बांधलं होतं. त्याच्या थोडं आधी त्याच कंपनीतल्या दोघांनी, कॉडेल आणि मिझेल यांनी, वायरिंग करणाऱ्या कामगाराच्या डोळ्यांसमोर कुठली तार कुठे जाते ते दाखवणारा चष्मा सुचवला होता. ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ हा शब्द तिथला. म्हणजे ज्याला आपण पोरांचे गेम म्हणतो, त्याचं एक मूळ तारा जोडणाऱ्या कामगाराच्या डोकेदुखीत आहे.

आता माझ्या ओळखीतली गोष्ट. माझी एक विद्यार्थिनी, उर्दू माध्यमातून दहावी झालेली. पॉलिटेक्निकला मेकॅनिकलला गेली तेव्हा नात्यातल्या लोकांनी ‘लडकी लोहे में क्या करेगी’ म्हणून घर डोक्यावर घेतलं. तिचे अब्बा तीस वर्षं मोल्डर आहेत. त्यांनी ऐकून घेतलं आणि फी भरली. आज ती फाउंड्र्यांना ओतकामाची आखणी करून देणाऱ्या एका छोट्या ऑफिसात सिम्युलेशन करते. एकदा तिच्याकडे जो भाग आला, तसाच अब्बा कित्येक वर्षं ओतत होते. तिने पडद्यावर बघितलं तर शेवटचा लाल ठिपका फ्लॅंजवर नव्हता, जिथे अब्बा टाकी ठेवायचे. तो आत, दोन रिबा मिळतात त्या कोपऱ्यात होता. तिने टाकी सरकवली आणि कोपऱ्यात चिल, म्हणजे उष्णता चटकन ओढून घेणारा लोखंडी तुकडा, बसवायला सांगितलं. अब्बा म्हणाले, ‘ये टीव्ही का लोहा है, ठंडा लोहा. इसको क्या मालूम.’ तसं ओतून बघितलं, माल कापला, कोपरा भरीव निघाला. दोन दिवस ते घरात कुणाशी नीट बोलले नाहीत.

हे एवढंच सांगितलं तर संगणकाची जाहिरात होईल. पुढचं ऐका. पावसाळ्यात दुसऱ्या एका जॉबमध्ये पडद्यावर सगळं स्वच्छ होतं आणि प्रत्यक्षात वरच्या बाजूला ब्लो होल येत होते, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकून पडलेली छिद्रं. तिने आकडे तीनदा तपासले. शेवटी अब्बांना विचारलं. त्यांनी त्या फाउंड्रीत जाऊन वाळूची मूठ आवळली, मोडली आणि वाळू ओली आहे म्हणाले. शेडच्या कडेला उघड्यावर पडलेली वाळू जुलैत जेवढी ओल धरते तेवढी सॉफ्टवेअरला कुणी सांगितलीच नव्हती. त्यात भरलेले होते पुस्तकातल्या वाळूचे आकडे. ओल्या वाळूची वाफ झाली, कोअरला हवा जायला वाट कमी होती, वाफ लोखंडात शिरली. आता ती मुलगी दर नव्या फाउंड्रीत आधी वाळू बघायला जाते, आणि कोणत्या महिन्यात ओतणार हे विचारते.

माझा सगळा मुद्दा या दोन जॉबमध्ये आहे. सिम्युलेशन हे गणित आहे. त्याला खाऊ घालावं तेवढंच ते सांगतं, आणि खाऊ येतो शॉप फ्लोअरवरून, मूठ आवळणाऱ्या हातातून. ज्याला वाळू कळते तो आणि ज्याला पडदा कळतो तो, हे आज दोन वेगळ्या वर्गांतले, दोन वेगळ्या पगारांचे, बहुतेक वेळा दोन वेगळ्या समाजांतले लोक आहेत. वर सांगितल्या घरात ते बाप-लेक होते म्हणून एकमेकांशी बोलले, एवढंच. इतर ठिकाणी एसी केबिनमधला पोरगा भट्टीजवळ फिरकत नाही आणि भट्टीजवळच्याला केबिनमध्ये कुणी बोलावत नाही.

वेल्डिंगचंही असंच. आपल्या मोहल्ल्यांतून वेल्डर किती निघतात हे सांगायला नको. सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालाने नोंदवलं आहे की मुस्लीम कामगारांत स्वतःच्या बळावर धंदा करणाऱ्यांचं प्रमाण जास्त आहे. ग्रीलवाला, गॅरेजवाला, फॅब्रिकेशनवाला यांच्याकडे बघितलं की ते दिसतं. हे सगळे शिकले कसे? उस्तादाच्या हाताखाली. मी उस्ताद-शागिर्दीचा आदर करतो, पण तिच्यावर नुसती गझल म्हणायला तयार नाही. त्या शिकण्यात चापट्या होत्या, शिव्या होत्या, आणि काच न लावता आर्क बघितल्यामुळे रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन बटाट्याच्या चकत्या ठेवून पडलेली चौदा वर्षांची पोरं होती. काहींनी शाळा सोडली ती तेव्हाच. त्यांचं हजेरीपत्रक माझ्या हातात होतं.

वेल्डिंग सिम्युलेटरमध्ये हेल्मेटच्या आत पडदा असतो, हातात खऱ्यासारखी गन असते. आर्क पेटलेला दिसतो, आवाज येतो, पण ना ठिणगी ना धूर. हात किती वेगाने सरकला, कोन किती होता, अंतर किती राहिलं, हे यंत्र मोजतं आणि कुठे बिघडलं ते दाखवतं. एक रॉड खर्ची न पडता दिवसभर सराव होतो. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात याची तुलना झाली आहे. सोप्या जोडांसाठी नुसत्या सिम्युलेटरवरचा सराव पुरेसा ठरला, पण अवघड जोडांसाठी सिम्युलेटर आणि खरं वेल्डिंग मिसळून शिकलेले पुढे गेले. यात आश्चर्य काही नाही. हेल्मेटमधल्या पडद्यावर गरम होत नाही, आणि वाकून डोक्यावरचा जोड मारताना मानेवर पडणारी ठिणगी तिथे पडत नाही. ती पडली तरी हात हलू द्यायचा नाही, हे खऱ्या शेडमध्येच शिकावं लागतं. विमानाचंही तेच आहे. एडविन लिंक या अमेरिकन माणसाने 1929 साली वैमानिकांच्या सरावाचं यंत्र बनवलं ते वडिलांच्या पियानो-ऑर्गनच्या कारखान्यातले भाते वापरून. जमिनीवर हलणारं लाकडी विमान. त्यावर हजारो वैमानिक शिकले, पण शेवटी त्यांना हवेत जावंच लागलं.

तेव्हा ‘सिम्युलेटर आणा, वर्कशॉप बंद करा’ असं कुणी म्हणत असेल तर त्याला माझा विरोध आहे. आपल्याकडे मात्र वेगळीच तऱ्हा. एका प्रशिक्षण केंद्रात मी असं यंत्र बघितलं. कपाटात कुलूपबंद. चावी साहेबांकडे. पाहुणे आले की बाहेर निघतं, फोटो होतो, परत आत. मुलांना हात लावू देत नाहीत, कारण बिघडेल. मुलगा खऱ्या मशीनवर हात भाजून घेईल तर चालेल, खोट्या मशीनला ओरखडा नको.

इथे आमच्या लोकांना अल-जज़री आठवतो. तो आठवलाच पाहिजे. दियारबकरच्या दरबारात 1206 साली त्याने यंत्रांचा ग्रंथ पुरा केला. त्याच्या लांबलचक अरबी नावात ‘इल्म’ आणि ‘अमल’ हे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत, ज्ञान आणि प्रत्यक्ष काम. वाळूच्या बंद साच्यांत धातू ओतायची रीत त्याने लिहून ठेवली आहे. आणि आजच्या विषयाला धरून सांगायचं तर, यंत्राचा आराखडा ठरवण्यासाठी तो कागदाची प्रतिकृती करून बघायचा. आठशे वर्षांपूर्वी, धातूला हात लावण्याआधी कागदावर तालीम. पण मला कंटाळा येतो तो जलशात जज़रीचं नाव घेऊन छाती फुगवणाऱ्यांचा. त्यांचा स्वतःचा भाचा फाउंड्रीत बॉक्स उचलतो, याची त्यांना लाज वाटते आणि लग्नाच्या बायोडाटात ते ‘कंपनीत सर्व्हिस’ लिहितात. जज़री त्यांना दिसला असता तर हात काळे म्हणून पंगतीत शेजारी बसवला नसता.

मग अडतं कुठे? पैशाशी अडतं, हे उघड आहे. ही सॉफ्टवेअर आणि ही हेल्मेटं महाग आहेत, लहान फाउंड्रीला एकट्याने झेपणार नाहीत, म्हणून दहा-वीस जणांनी मिळून घ्यायला हवीत. आपल्या ट्रस्टांनी आणि जमातींनी आणखी एक शादीखाना बांधण्याआधी वेल्डिंगची चार खरी मशीनं आणि एक सिम्युलेटर घेऊन रात्रीची बॅच चालवावी, असं मी तीन बैठकांत बोललो आहे. चौथ्या बैठकीला मला बोलावलं नाही.

पण माझ्या डोळ्यांसमोर रोज जी अडचण आहे ती भाषेची. उर्दू शाळेतलं पोर घनफळाला ‘हजम’ म्हणायला शिकतं, घनतेला ‘कसाफत’. शेजारच्या मराठी शाळेत तेच घनफळ, घनता. फाउंड्रीत ते ‘माल किती जाड आहे’ असतं. आणि सॉफ्टवेअरच्या पडद्यावर ते ‘व्हॉल्यूम’ आणि ‘डेन्सिटी’ होऊन येतं. चारही एकच आहेत, हे त्या पोराला कुणी सांगितलेलंच नसतं. त्याला वाटतं आपल्याला सायन्स येत नाही. येतं त्याला. ख्वोरिनोवचा नियम म्हणजे हजम आणि सतह यांचं गुणोत्तर. मी एकदा नववीच्या वर्गात एवढंच फळ्यावर लिहिलं आणि ओतकामाच्या घरातून आलेल्या दोन मुलांनी रायझर गोल का असतो हे आपणहून सांगितलं, कारण गोल आकाराला त्याच आकारमानात बाहेरची बाजू कमी, म्हणून तो उशिरा थंड होतो. भूगोलात नेहमी मागे राहणारी मुलं ती.

आपल्याकडे कॉम्प्युटर म्हणजे एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट आणि नंतर झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग, ही समजूत घट्ट आहे. भट्टीवर काम करणाऱ्या मुलाला कॉम्प्युटर हा भट्टीपासून पळून जायचा रस्ता वाटतो, भट्टीतच वर चढायचा जिना वाटत नाही. दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे अजूनही कित्येक पालकांना माहीत नसतं. मुलींच्या बाबतीत तर हा जिना आणखी महत्त्वाचा आहे. बॉक्स उचलायला मुलींना कुणी पाठवणार नाही, मीही म्हणणार नाही, पण पडद्यावर टाकी सरकवायला ताकद लागत नाही, आणि आमच्या शाळांत निकालात पुढे कोण असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पोटाची भीती मात्र खोटी नाही. चुकतमाकत ओतून बघण्याचे दिवस कमी झाले की त्या दिवसांची मजुरीही कमी होते. लाकडी पॅटर्न बनवणाऱ्या सुतारांचं काम सीएनसी मशीनने आधीच खाल्लं आहे, त्यात आपलेही लोक होते. यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. एवढंच विचारतो, की तीस वर्षांच्या मोल्डरला विचारून त्याच्या फाउंड्रीतली वाळू, तिची ओल, ओतायचा वेग हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये भरलं जातं, तेव्हा त्या माहितीचा मोबदला त्याला का मिळू नये? सल्लागाराच्या बिलात त्याच्या नावाची एक ओळ का नसावी? हे विचारणारी युनियन मला अजून दिसलेली नाही.

सध्या मी आणि ती विद्यार्थिनी मिळून ओतकामाच्या शब्दांची एक वही करतो आहोत. एका रकान्यात सॉफ्टवेअरचा इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात उर्दू, आणि चौथ्यात कारखान्यात प्रत्यक्ष बोलतात तो. चौथा रकाना तिचे अब्बा भरतात, दुरुस्त्याही तेच करतात. मालेगाव, भिवंडी, सोलापूर, औरंगाबादकडच्या वाचकांपैकी कुणी वेल्डिंग, खराद किंवा ओतकामात असाल तर तुमच्याकडचे शब्द कळवा. ‘हॉट स्पॉट’ला अजून चौथा शब्द सापडलेला नाही. अब्बा म्हणतात, त्याला नुसतं ‘वो जगह’ म्हणतात आणि बोट दाखवतात.